सहा टाळकरी, चौदा ट्रॅक आणि रीपर

गेल्या कार्तिक महिन्यात आमच्या तालुक्यातील एका भजनी मंडळाचे नऊ अभंग ध्वनिमुद्रित करण्याचे काम माझ्याकडे आले. मंडळींनी मंदिराच्या सभामंडपातच, लागोपाठ दोन संध्याकाळी, नेहमीप्रमाणे एकत्र बसून भजन करायचे आणि मी ते १६ ट्रॅकच्या रेकॉर्डरवर टिपून घ्यायचे, असे ठरले. बुवांना एक माइक, सहा टाळकऱ्यांना प्रत्येकी एक, पखवाजाच्या धुम्याला एक आणि शाईला एक, पेटीला दोन, वीणेला एक आणि मंडपाचा घुमारा टिपण्यासाठी लांब उभे केलेले दोन, असे १४ माइक लागले. नऊ अभंगांचे मिळून १२६ तुकडे माझ्या संगणकावर आले, तेव्हा पहिला विचार मनात आला तो हाच, की टाळकऱ्यांच्या आवाजाला जे संस्कार करायचे ते सहाही जणांना सारखेच हवेत आणि नऊही अभंगांत सारखेच राहायला हवेत. मग ते एकेका ट्रॅकवर हाताने किती वेळा करत बसायचे?

हे काम मी रीपर या ध्वनिमुद्रण-संपादनाच्या सॉफ्टवेअरवर पूर्ण केले आणि या परीक्षणात त्याच्या एकाच अंगाकडे मी पाहणार आहे: एक सेटिंग अनेक ट्रॅकना लावण्याच्या कामी ते कितपत उपयोगी पडते. नोटेशन, मिडी, चित्रफितीचे संपादन या गोष्टीही त्यात आहेत, परंतु भजन, कीर्तन, नाट्यवाचन किंवा श्राव्यपुस्तक यांसारखी अनेक माइकांची अथवा अनेक प्रकरणांची कामे करणाऱ्यांना सर्वाधिक वेळ कुठे घालवावा लागतो, तर तो याच एका ठिकाणी.

रीपर हे कोकॉस या कंपनीचे उत्पादन आहे. एकेकाळी घरोघरच्या संगणकांवर गाणी वाजवणारा विनअँप १९९७ मध्ये ज्यांनी लिहिला, ते जस्टिन फ्रँकेल हेच रीपरचेही मूळ कर्ते. त्याची पहिली सार्वजनिक आवृत्ती डिसेंबर २००५ मध्ये आली आणि सातवी मुख्य आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते, आणि हवे असल्यास पेन ड्राइव्हवर बसवून कोणत्याही संगणकावर नेता येते. मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचा सर्वांत महत्त्वाचा गुण असा, की त्यात ट्रॅकचे प्रकार नाहीत. इतर अनेक सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा ट्रॅक वेगळा, अनेक ट्रॅकांची बेरीज घेणारी बस वेगळी, रिव्हर्बसाठीचा, म्हणजे घुमाऱ्याच्या इफेक्टसाठीचा, ऑक्स ट्रॅक वेगळा असतो. रीपरमध्ये ट्रॅक एकाच जातीचा. त्यात मुद्रित आवाज ठेवा, इतर ट्रॅक त्याच्या पोटात घेऊन त्याला फोल्डर बनवा, किंवा दहा ठिकाणांहून आलेला आवाज त्यावर घ्या. त्यामुळे एका ट्रॅकवर जे चालते ते सगळीकडे चालते, आणि सेटिंग इकडून तिकडे नेताना कोणताही अडथळा येत नाही.

नेण्याचे मार्ग तसे पुष्कळ आहेत. अगदी साधा मार्ग म्हणजे मिक्सरमध्ये एका ट्रॅकवरचा इफेक्ट, म्हणजे आवाजावर संस्कार करणारे साधन, माउसने उचलून दुसऱ्या ट्रॅकवर सोडणे. सर्व सेटिंगांसह त्याची प्रत तिकडे तयार होते. इफेक्टच्या खिडकीतील सर्व इफेक्ट निवडून कॉपी करता येतात आणि दुसऱ्या ट्रॅकच्या खिडकीत पेस्ट करता येतात. यापुढची पायरी म्हणजे एफएक्स चेन. हाय-पास (खालचा पट्टा कापणारा), कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), ईक्यू (पट्ट्यांचा तोल बदलणारा) अशी एखादी साखळी मनासारखी जमली की ती एका नावाने जतन करायची. पुढे कोणत्याही प्रकल्पात, कोणत्याही ट्रॅकवर ती त्या नावाने मागवता येते. ही फाइल साध्या मजकुराची आणि अतिशय लहान असते, त्यामुळे पुण्यात बसलेल्या सहकाऱ्याला ती ईमेलने पाठवली आणि त्याने ती आपल्याकडच्या योग्य फोल्डरमध्ये ठेवली, की माझी साखळी त्याच्याकडे जशीच्या तशी चालू होते, अर्थात त्यातले प्लगइन, म्हणजे इफेक्टची छोटी सॉफ्टवेअर, त्याच्या संगणकावरही असतील तर. मी या कामात रीपरबरोबर येणारे रीआईक्यू आणि रीआकॉम्प हेच वापरले, म्हणून ती अडचण आली नाही. दिसायला ते अगदी साधे आहेत, पण त्यांच्या कामाबद्दल मला काहीही तक्रार नाही.

चेनबरोबर ट्रॅक टेम्प्लेट नावाची दुसरी सोय आहे, आणि या दोहोंतील फरक नव्या माणसाने नीट समजून घ्यावा. चेनमध्ये फक्त इफेक्ट जातात. टेम्प्लेटमध्ये ट्रॅकचे नाव, रंग, फेडर (आवाजाची पातळी), पॅन (डावी-उजवी जागा), सेंड (आवाज दुसऱ्या ट्रॅककडे पाठवण्याची वाट), अशी सगळी मांडणी जाते. म्हणून काम सुरू करताना टेम्प्लेट उपयोगी आणि काम अर्ध्यावर आलेले असताना चेन उपयोगी, असा माझा शिरस्ता आहे. सहा टाळकऱ्यांना डावीकडून उजवीकडे पसरून बसवल्यावर कोणी टेम्प्लेट पुन्हा लावला, तर ती सगळी बैठक मोडेल. चेनने तो धोका नसतो.

मात्र एकाच वेळी सहा ट्रॅक निवडून त्यांच्यावरची जुनी साखळी काढून नवी घालण्यासाठी मी एसडब्ल्यूएस या नावाचा मोफत जोडभाग वापरते. तो रीपर वापरणाऱ्यांपैकीच काहींनी तयार केलेला आहे आणि त्यात साखळी कॉपी करण्याची, तसेच निवडलेल्या सर्व ट्रॅकांवर ती बदलून पेस्ट करण्याची स्वतंत्र आज्ञा आहे. या दोन आज्ञांना मी कीबोर्डवरच्या दोन कळा देऊन ठेवल्या आहेत. पहिल्या टाळकऱ्याच्या ट्रॅकवर मनासारखे काम झाले की एक कळ, बाकीचे पाच निवडले की दुसरी कळ. काम संपले.

आणि इथेच माझी पहिली मोठी चूक झाली, जी मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण ती सॉफ्टवेअर कोणतेही असले तरी होतेच. पहिल्या टाळकऱ्याचा आवाज खणखणीत, तो माइकला चिकटून बसलेला. त्याच्यावर मी कॉम्प्रेसरचा थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीच्या वर तो दाबू लागतो ती, उणे २४ डेसिबलवर ठेवला, गुणोत्तर तीनास एक ठेवले, आणि त्याचा आवाज छान बसला. तीच साखळी मी बाकी पाच जणांना लावली. तिसरे टाळकरी वयाने मोठे, आवाज मृदू, आणि ते माइकपासून हातभर मागे सरकून बसले होते. त्यांच्या ट्रॅकवरचा कॉम्प्रेसर उघडून पाहिला तर त्याचा काटा संपूर्ण अभंगभर हललाच नव्हता. सेटिंग अक्षरशः एकच होते, तरी एकावर त्याचा परिणाम भरपूर आणि दुसऱ्यावर शून्य. थ्रेशोल्ड हा आकडा आत येणाऱ्या आवाजाच्या पातळीच्या संदर्भातच अर्थ धारण करतो, त्यामुळे पातळ्या समान नसतील तर सेटिंग समान करून उपयोग नाही.

म्हणून आता माझा क्रम बदलला आहे: आधी पातळी, मग प्रत. रीपरमध्ये ट्रॅकवर ठेवलेल्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे आयटमला, स्वतःचा गेन, म्हणजे आवाजाची वाढ-घट, असतो आणि तो इफेक्टच्या आधी लागतो. ट्रॅकचा फेडर मात्र इफेक्टच्या नंतर लागतो. हा भेद फार मोलाचा आहे. सहाही जणांचे आयटम निवडून त्यांना नॉर्मलाइझची, म्हणजे ठरलेल्या पातळीवर आणण्याची, आज्ञा द्यावी, त्यात शिखराऐवजी एलयूएफएस हे श्राव्य पातळीचे मोजमाप निवडावे आणि प्रत्येकाला उणे २३ वर आणावे, म्हणजे कॉम्प्रेसरसमोर सहाही आवाज एका पातळीवर येऊन उभे राहतात. फेडर मग नंतरच्या तोलासाठी मोकळा राहतो.

भजनाच्या बाबतीत मात्र या मोजमापालाही फसण्याची जागा आहे. टाळ हे वाद्य छातीजवळ धरून वाजवले जाते, आणि माइक गळ्यासाठी लावला तरी त्यात टाळ शिरतोच. सहा माइक उघडे असले की प्रत्येकात सहाही टाळ असतात. तिसऱ्या टाळकऱ्यांच्या ट्रॅकवर यंत्राने जी पातळी मोजली ती बव्हंशी टाळांचीच होती, त्यांच्या गळ्याची नव्हती. त्यामुळे मी प्रत्येक ट्रॅकवरचा फक्त धृपदाचा तुकडा कापून घेतला, जिथे सगळे मिळून गळा मोकळा करून म्हणतात, तेवढ्यावरच मोजमाप केले, आणि जो गेन आला तो त्या ट्रॅकवरच्या बाकीच्या तुकड्यांना दिला. हे काम हाताने करावे लागले आणि त्यात एक अख्खी दुपार गेली. पण त्यानंतर तीच साखळी सहाही ट्रॅकांवर पेस्ट केली तेव्हा सहाही काटे जवळजवळ सारखे हलू लागले, आणि तिसऱ्या काकांचा खालच्या पट्टीतला भरीव सूर मला पहिल्यांदाच नीट ऐकू आला. तो सूर सहा जणांच्या आवाजाखाली सतरंजीसारखा पसरलेला होता. सभामंडपात बसलेल्याला तो जाणवत असणार, माझ्या आधीच्या मिक्समध्ये मात्र तो पुरता हरवला होता.

आता दुसरा प्रश्न. प्रत करायचीच कशासाठी? सहा ट्रॅक एका फोल्डर ट्रॅकच्या पोटात घातले की त्यांची बेरीज त्या फोल्डरमध्ये येते आणि फोल्डरवर एकच इफेक्ट लावला की तो सर्वांना लागतो. रीपरमध्ये हे करायला वरच्या ट्रॅकवरच्या फोल्डरच्या चिन्हावर एक क्लिक पुरते, किंवा ट्रॅक उचलून त्याच्याखाली किंचित उजवीकडे सोडला तरी चालते. मग सहा ईक्यूंऐवजी एक ईक्यू, आणि उद्या मत बदलले तर बदल एकाच ठिकाणी.

परंतु हे कोणत्या इफेक्टला चालेल आणि कोणत्याला नाही, यामागे निश्चित कारण आहे. ईक्यू आणि रिव्हर्ब या रेषीय क्रिया आहेत: सहा आवाजांना वेगवेगळा एकच ईक्यू लावून मग बेरीज केली काय, किंवा बेरीज करून तोच ईक्यू एकदा लावला काय, निष्पत्ती एकच येते. कॉम्प्रेसर, गेट (हळू आवाज बंद करणारा) आणि विकृती निर्माण करणारे सॅच्युरेशनसारखे इफेक्ट रेषीय नाहीत. सहा जणांच्या बेरजेवर लावलेला कॉम्प्रेसर सर्वांत मोठ्या आवाजाच्या तालावर बाकी पाच जणांनाही दाबतो. तेव्हा ईक्यू आणि रिव्हर्ब सामायिक ठेवावेत आणि कॉम्प्रेसर प्रत्येकाचा वेगळा ठेवावा, म्हणजेच तेवढ्याचीच प्रत करावी, हे मी या कामातून पक्के केले. याला एकच अपवाद करावा लागतो. मंडपातल्या पंख्यांची आणि पखवाजाच्या धुम्याची जी गुरगुर खालच्या पट्ट्यात येते, तिच्यावर कॉम्प्रेसर विनाकारण उठू नये म्हणून ११० हर्ट्झचा हाय-पास कॉम्प्रेसरच्या आधी, म्हणजे प्रत्येक ट्रॅकवरच, असला पाहिजे. अशा रीतीने माझी टाळकऱ्यांची चेन शेवटी दोनच इफेक्टांची उरली: हाय-पास आणि कॉम्प्रेसर. टाळांची धार मऊ करणारा साधारण पाच हजार हर्ट्झवरचा तीन डेसिबलचा उतार फोल्डरवर गेला, आणि रिव्हर्ब एका वेगळ्या ट्रॅकवर गेला, ज्याला सर्वांकडून सेंड दिले. हे सेंड एका दृष्टीत पाहायचे तर आल्ट आणि आर दाबून राउटिंग मॅट्रिक्स उघडावा. चौकटीत क्लिक केले की कोणाचा आवाज कोणाकडे जातो ते ठरते.

कॉम्प्रेसरबद्दल एक सूचना आणखी. त्याच्या मागून आवाज वाढवण्याचा मोह आवरावा. ओळीच्या मध्ये गाणारा श्वास घेतो तेव्हा दाब सुटतो आणि वाढवलेल्या गेनसह शेजारच्या पाच जणांचे टाळ पुढे येतात. सहा ट्रॅकांवर ही वाढ एकदम होत असल्याने त्याचा परिणाम एका ट्रॅकवर ऐकून कळत नाही, सगळे एकत्र वाजवल्यावरच कळतो.

तोलाच्या पातळीवर, म्हणजे फेडर सामूहिकपणे हलवण्यात, रीपर अतिशय मोकळे आहे. अनेक ट्रॅक निवडून त्यातील एकाचा फेडर ओढला की बाकीचे आपापले अंतर राखून बरोबर सरकतात. कायमचा गट हवा असेल तर ट्रॅक ग्रुपिंगमध्ये कोण पुढारी, कोण अनुयायी हे आवाज, पॅन, म्यूट, सोलो यांसाठी वेगवेगळे ठरवता येते. २०१५ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून यात व्हीसीएचीही, म्हणजे एका फेडरने अनेक ट्रॅकांची पातळी हलवण्याची, सोय आहे, आणि ती मला फोल्डरच्या फेडरपेक्षा अधिक उपयोगी वाटली. कारण असे, की फोल्डरचा फेडर खाली घेतला तर टाळकऱ्यांचा मूळ आवाज कमी होतो, पण प्रत्येकाच्या ट्रॅकवरून रिव्हर्बकडे गेलेला सेंड तसाच राहतो, आणि मंडळी एकाएकी विहिरीतून गात असल्यासारखी वाटू लागतात. व्हीसीए प्रत्येक ट्रॅकची स्वतःचीच पातळी खाली आणतो, त्यामुळे फेडरनंतरचे सेंडही त्याच प्रमाणात उतरतात आणि आवाजाचा व घुमाऱ्याचा संबंध टिकतो. बुवा आलाप घेतात तेव्हा टाळकऱ्यांना दीड-दोन डेसिबल मागे नेण्याचे सगळे काम मी एका व्हीसीए फेडरवर केले.

नऊ अभंगांमध्ये सारखेपणा कसा राखला, याचे उत्तर त्या मानाने सोपे आहे. मी नऊ वेगळे प्रकल्प केलेच नाहीत. माइक, जागा आणि माणसे तीच होती, म्हणून सर्व अभंग एकाच प्रकल्पात, एकाच काळरेषेवर, एकामागून एक मांडले. पहिल्या टाळकऱ्याचा ट्रॅक पहिल्या अभंगापासून नवव्यापर्यंत सलग गेला. मग प्रत करण्यासारखे काही उरतच नाही. प्रत्येक अभंगाला एक रीजन, म्हणजे काळरेषेवरचा नाव दिलेला भाग, दिला आणि रीजन रेंडर मॅट्रिक्समधून नऊ वेगळ्या फाइली, प्रत्येकीला तिच्या रीजनचे नाव घेऊन, एका आज्ञेत बाहेर काढल्या. दुसऱ्या संध्याकाळी एका अभंगात पेटीचा माइक हलला होता; तेवढ्या आयटमवर स्वतंत्र ईक्यू लावून ते निभावले, कारण रीपरमध्ये इफेक्ट ट्रॅकप्रमाणेच एकेका आयटमवरही लावता येतो. श्राव्यपुस्तकाची ३० प्रकरणे असतील तरी हाच मार्ग घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. ज्यांची प्रकरणे आधीच तयार फाइलींच्या रूपात पडून आहेत, त्यांच्यासाठी बॅच कन्व्हर्टर आहे: फाइली यादीत ओतायच्या, जतन केलेली चेन निवडायची, पातळी ठरवायची आणि चालू करायचे.

उणीव कोणती, तर एक, आणि ती याच विषयातील आहे. पेस्ट केल्यावर सहाही प्रती परस्परांपासून स्वतंत्र होतात. पहिल्या टाळकऱ्याच्या कॉम्प्रेसरचा रिलीज, म्हणजे दाब सुटायला लागणारा वेळ, मी बदलला तर बाकी पाच ठिकाणी तो आपोआप बदलत नाही. ग्रुपिंगमध्ये फेडर, पॅन, म्यूट जोडता येतात, परंतु इफेक्टच्या आतली बटणे त्या यादीत नाहीत. प्रो टूल्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या ग्रुपमध्ये इन्सर्टची, म्हणजे ट्रॅकवरच्या इफेक्टची, नियंत्रणेही जोडण्याची सोय आहे. तिथे आल्ट आणि शिफ्ट दाबून ठेवून केलेली कृती निवडलेल्या सर्व ट्रॅकांना लागू होते, तीही सवय झाली की फार वेगवान वाटते. रीपरमध्ये बदल झाला की साखळी पुन्हा सर्वांवर पेस्ट करायची, आणि तसे करताना कोणा एकासाठी मुद्दाम केलेला फेरफार पुसला जातो. मी यावर तोडगा म्हणून जे व्यक्तिगत ते सगळे आयटमच्या गेनमध्ये आणि फेडरमध्ये ठेवते, साखळीत काहीही व्यक्तिगत ठेवत नाही. मग ती कितीही वेळा पुसून लावली तरी बिघडत नाही. तरीही ज्यांना ४० ट्रॅकांच्या वाद्यवृंदावर दिवसभर प्लगइनची बटणे सामूहिकपणे फिरवायची आहेत, त्यांनी आधी पूर्ण चाचणी घेतल्याशिवाय इकडे वळू नये.

चाचणीसाठी ६० दिवस मिळतात आणि त्या काळात एकही सोय बंद ठेवलेली नसते. त्यानंतर परवाना घ्यावा. वैयक्तिक वापरासाठी, तसेच वर्षाची ढोबळ उलाढाल २०,००० डॉलरच्या आत असलेल्या व्यावसायिकांसाठी तो ६० डॉलरना आहे आणि त्यापुढच्यांसाठी २२५ डॉलरना. रुपयांत पहिली रक्कम पाच हजारांच्या थोडी पुढे जाते. एकदा घेतलेला परवाना चालू मुख्य आवृत्तीला आणि तिच्या पुढच्या मुख्य आवृत्तीलाही चालतो, दरमहा काही भरावे लागत नाही. गावोगावी भजनी मंडळांची, शाळांची, हौशी नाट्यसंस्थांची कामे करणाऱ्या माझ्यासारख्या व्यक्तीला ही किंमत रास्त वाटते. चाचणीचा काळ संपल्यावरही ते बंद पडत नाही, म्हणून परवाना न घेता वर्षानुवर्षे वापरणारे मी पाहिले आहेत. पहिल्या कामाचे पैसे हाती आले की त्यातून तो घ्यावा, असे मी त्यांना सांगत असते.

शिकताना पहिले दोन आठवडे जड जातात, हे सांगितले पाहिजे. मेनू लांबलचक आहेत आणि ट्रॅक ग्रुपिंगचा तक्ता पहिल्यांदा उघडणाऱ्याला बुचकळ्यात टाकतो. मी स्वतः आधी फोल्डर, मग चेन, मग व्हीसीए, अशा क्रमाने शिकले.

पुढच्या महिन्यात शेजारच्या गावच्या मंडळाचे काम आहे. टाळकरी आठ आहेत, मंडप पत्र्याचा आहे, आणि वीणेकरी मध्यभागी उभे राहतात. जतन केलेली चेन तीच घेणार आहे, पण या वेळी प्रत्येकाला माइकसमोर बसवून आधी धृपदाची एक ओळ म्हणायला लावीन आणि आठही पातळ्या तिथेच रेकॉर्डरवर जुळवून घेईन.